चार नंबरच्या इंजिनाचा इतिहास

माणसाला स्वतःचं नाव असतं आणि लोकांनी ते घ्यावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. जावईबापूंची ही अपेक्षा लग्न झालं त्याच महिन्यात संपली. ते सासऱ्यांच्या गल्लीत, सासऱ्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आले आणि विमा कचेरीतला एक जबाबदार लिपिक त्या दिवसापासून सगळ्या गल्लीचा जावईबापू झाला. पोस्टमनसुद्धा खालून "जावईबापू, रजिस्टर आहे!" अशी आरोळी ठोकी. एकदा दाताच्या डॉक्टरकडे त्यांचं खरं नाव पुकारलं गेलं, तर हे शेजारच्या पेशंटकडे बघत बसले आणि नंबर हुकला. आता टक्कल पडलं, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, पण जावईबापूंचं काही बदललं नाही.

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे त्यांना धक्का फार लवकर बसे. "यांना दारावरची बेल वाजली तरी धक्का बसतो," असं त्यांची बायको म्हणे, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच होती. वर्तमानपत्र उघडताना ते आधी खुर्चीचे हात घट्ट धरत.

जावई हा दहावा ग्रह, असं जुनी माणसं म्हणतात. या घरात तो ग्रह खालच्या मजल्यावर राहत होता. अप्पा, म्हणजे सासरे, हे छोट्या गाडीचे ड्रायव्हर. अरुंद रुळांवरून गावापासून डोंगरातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि तिथून पुढे लाकडाच्या वखारीपर्यंत जाणारी ती कोळशावरची गाडी बंद पडून एक पिढी उलटली, तरी अप्पा अजून ड्रायव्हरच होते. घरातला पंखासुद्धा ते एखादा वाफेचा झडपदांडा ओढावा तसा सुरू करत. जावईबापू मुलीला मागणी घालायला आले, तेव्हा अप्पांनी त्यांचा हात हातात घेतला, उलटा करून तळवा पाहिला आणि म्हणाले, "हात फार स्वच्छ आहेत हो तुमचे."

जावईबापूंना ती स्तुती वाटली. ती स्तुती नव्हती हे लग्नानंतर हळूहळू लक्षात आलं आणि ते वाक्य जे मनात रुतलं ते रुतलंच. अप्पा कधी रागावले नाहीत, कधी टाकून बोलले नाहीत. पण इतक्या वर्षांत "अहो जावईबापू" आणि "तुम्ही" यापलीकडे एक पाऊल त्यांनी टाकलं नाही. आपल्या हातून असं काहीतरी घडावं की अप्पांनी एकदा, एकदाच, "बरं केलंस" म्हणावं, ही जावईबापूंच्या आयुष्यातली एकमेव महत्त्वाकांक्षा होती. बढतीचीसुद्धा त्यांना एवढी हाव नव्हती, आणि तीही मिळाली नव्हती.

गल्लीच्या टोकाला बाग होती. पूर्वी तिथे छोट्या गाडीचं स्टेशन होतं. आता चौथऱ्यावर एक इंजिन उभं होतं, हिरव्या रंगाचं, पितळेच्या पाटीवर ठसठशीत चारचा आकडा असलेलं. बागेपासून टाकीपर्यंतचे रूळ कुणी उखडले नव्हते. सकाळी फिरायला जाणारे त्यांच्यामधून चालत. इंजिनासमोर एक पत्र्याचा फलक होता आणि त्यावर लिहिलं होतं: "इंजिन. वर चढू नये."

एका संध्याकाळी जावईबापू बायकोला म्हणाले, "बघ, एवढ्या मोठ्या इंजिनाचा इतिहास काय, तर दोन वाक्यं! मी असतो तर..."

मागच्या बाकावर बूट काढून बसलेले गृहस्थ उद्यानाधिकारी निघाले. छोट्या लाईनीला शंभर वर्षं होत होती, इंजिन पुन्हा वाफेवर चालवून टाकीपर्यंत एक फेरी मारायची असा वरून हुकूम आला होता, आणि फलकाचा मजकूर लिहायला माणूस मिळत नव्हता. अधिकाऱ्यांनी बूटसुद्धा न घालता जावईबापूंचा हात धरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण जावईबापूंना अवलक्षण दिसलं नाही. त्यांना दिसले फलकासमोर उभे असलेले, चष्मा पुसून पुन्हा वाचणारे अप्पा.

कचेरीतल्या निवृत्त होणाऱ्यांची निरोपाची भाषणं जावईबापूच लिहीत. ती इतकी गौरवपर असत की ज्याच्यावर लिहिलंय तो माणूस आपण हयात आहोत ना म्हणून चाचपून बघे. तेव्हा एक फलक म्हणजे काय, असं म्हणून ते थेट खालच्या मजल्यावर गेले. अप्पा चहा पीत होते.

"अप्पा, चार नंबरचा इतिहास लिहितोय मी. काहीतरी सांगा ना."

"चांगली होती," अप्पा म्हणाले. इतिहास संपला.

"आणि अप्पा, ती पुन्हा चालणार आहे! वाफेवर! टाकीपर्यंत!"

अप्पांच्या हातातली बशी वाजली. उतारावर ब्रेक निकामी झाला तेव्हाही ज्यांचा हात हलला नाही अशी ख्याती, त्यांच्या हातातली बशी वाजली. जावईबापूंना अर्थातच धक्का बसला.

"कोण म्हणालं?"

"वरून हुकूम आहे."

"उभी आहे ना? मग उभी राहू द्या. म्हाताऱ्या माणसाला शर्यतीत पळवतं का कुणी?" आणि अप्पांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

जावईबापू जिना चढून वर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. "मी लिहितोय ना, म्हणून. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर स्वतः कोळसा टाकायला गेले असते," ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच." पण तिलाही वडिलांचं वागणं जरा विचित्र वाटलं.

अप्पा बोलेनात म्हणून जावईबापू समोरच्या घरातल्या गार्डकाकांकडे गेले. गार्डकाका अप्पांच्याच गाडीचे गार्ड. आयुष्यभर गाडीच्या दोन टोकांना राहून दोघांचं जे भांडण चालू होतं, ते आता रस्त्याच्या दोन बाजूंना राहून चालू होतं. गार्डकाका म्हणजे नियमांचं चालतं पुस्तक. नात्यातल्या लग्नातसुद्धा ते वेळेआधी पोचून घड्याळ लावून घेत.

"लिहून घ्या," गार्डकाका म्हणाले, आणि लिहून घ्यावं असंच ते बोलले. एकाच कारखान्यात एकाच साच्यातून सात इंजिनं निघाली, ती पेट्यांतून जहाजावर चढली, वाटेत निरनिराळ्या देशांत उतरली, आणि आपल्या वाट्याला चौथी आणि सातवी आली. दोघी जुळ्या बहिणी. शेजारी उभ्या केल्या तर पाटी वाचल्याशिवाय ओळखू येत नसत. फरक होता तो स्वभावात. चार नंबर म्हणजे राणी. कसलाही कोळसा घाला, कुणीही चालवा, टाकीचा चढ ती गाणं म्हणत चढे. आणि सात नंबर म्हणजे रडूबाई. चढाच्या मध्यावर आली की तिची चाकं जागच्या जागी फिरत, आणि ती हट्टी पोरासारखी हुंदके देई. हुं, हुं, हुंक्. मग एक मोठ्ठा उसासा, आणि ठप्प. चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू सोडणारी तिची नळी कायम तुंबलेली, त्यामुळे हाताने वाळू टाकत न्यावी लागे. प्रवासी उतरून पुढे चालत जात आणि टाकीपाशी गाडीची वाट बघत बसत.

"लाईन बंद झाली तेव्हा हुकूम आला. चार नंबर बागेत ठेवा, सात नंबर भंगारात द्या. गेली भट्टीत. सुटलो!" गार्डकाका म्हणाले. "तुम्ही एक वाक्य मात्र ठळक घाला. 'हे इंजिन टाकीच्या चढावर एकदाही थांबले नाही.' माझी साक्ष आहे."

जावईबापूंनी ते घातलं. इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण इतिहास लिहिला जातोय ही बातमी गल्लीत पसरली. कंपाउंडर येऊन सांगून गेला की त्याची आत्या त्या गाडीच्या दुसऱ्या डब्यात जन्मली, तेव्हा निदान आत्याचा उल्लेख हवा. शिंप्याच्या आजोबांनी ड्रायव्हरच्या डोक्यावरचं ताडपत्रीचं छत शिवलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी कच्चा मजकूर मागवून घेतला आणि लाल शाईने परत पाठवला. "'राणी' हा शब्द इंजिनास शोभत नाही. 'धावली' ऐवजी 'मार्गक्रमण केले' करावे." जावईबापूंनी सगळ्यांचं सगळं घेतलं, कारण रोज त्याच नळावर, त्याच दुकानात तोंडं दिसायची. मजकूर सात पानांचा झाला. पेंटरने तो हातात घेतला, फलकाकडे पाहिलं, जावईबापूंकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, इंजिनावर पण लिहायचंय का?" शेवटी आत्या गेली, छत गेलं, पहिल्या ओळीतलं मार्गक्रमण राहिलं आणि गार्डकाकांचं ठळक वाक्य राहिलं. कंपाउंडरने त्यानंतर जावईबापूंना खोकल्याचं औषध देताना बाटली हलवून द्यायचं बंद केलं.

तिकडे इंजिनाचं घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खात होतं. उद्यान खात्याच्या दप्तरात इंजिनाची नोंद 'शोभेची वस्तू' अशी होती, दगडी हंस आणि सिमेंटची छत्री यांच्यामध्ये. त्यामुळे त्याचा ताबा माळ्याकडे होता. माळ्याने कोळशाच्या जागी कुंड्या ठेवल्या होत्या, बंबात खत साठवलं होतं, आणि झाडांबरोबर इंजिनालाही रोज पाणी घालत होता. ते ऐकून जावईबापूंना धक्का बसला, पण खरा धक्का कचेरीत बसायचा होता.

"शोभेच्या वस्तूला धूर काढता येत नाही," कारकून म्हणाला.

"पण ते इंजिन आहे!"

"असेल. कागदावर शोभेची वस्तू आहे. हंसाने उद्या धूर काढायचा म्हटलं तर मी परवानगी देईन का?"

जावईबापू स्वतः लिपिक. या युक्तिवादातलं सौंदर्य त्यांना नाइलाजाने मान्य करावं लागलं. खूप खल झाला. अखेर उद्यानाधिकाऱ्यांनीच तोड काढली: कारंज्याला पाणी उडवायची मुभा होती आणि नियमात ते पाणी गार असावं असं कुठे म्हटलं नव्हतं. चार नंबरचं इंजिन कागदोपत्री कारंजं झालं. बॉयलर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने "बॉयलर असलेलं कारंजं" असं निमूटपणे लिहून सही केली.

बाहेरगावच्या कारखान्यातून फिटर आले, एक तरुण ड्रायव्हर आला, एक उघडा डबा आला. बंबातून खत निघालं, एक उंदराचं कुटुंब निघालं, महिनाभर ठोकाठोक चालली आणि इंजिन चौथऱ्यावरून रुळांवर उतरलं. अप्पा आता रोज बागेत जाऊन बसू लागले. इंजिनासमोर नाही, पलीकडे, लहान मुलांच्या वाळूच्या हौदापाशी. तिथून ते बघत राहत. सगळ्यांना वाटलं, म्हातारपणी माणूस हळवा होतो.

समारंभाच्या बैठकीत अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला. "फेरी सिग्नलच्या खांबापर्यंत न्या. सपाटीवर. टाकीपर्यंत नको."

उद्यानाधिकारी मान डोलावणार, इतक्यात जावईबापू उभे राहिले. अप्पांच्या गौरवासाठी आपण उभे राहतोय या कल्पनेनेच त्यांनी छाती पुढे काढली होती. "टाकीचा चढ हीच या इंजिनाची कीर्ती! जो चढ आमच्या सासऱ्यांनी असंख्य वेळा न थांबता चढला, तो आज टाळायचा? सपाटीवर तर हातगाडीही चालते!" टाळ्या पडल्या. गार्डकाकांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. अप्पांनी जावयाकडे जे पाहिलं, त्याला जावईबापू कृतज्ञता समजले.

त्याच संध्याकाळी त्यांनी अप्पांना फलकाचा मजकूर वाचून दाखवला. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. "'हे इंजिन टाकीच्या चढावर एकदाही...'"

"ते काढा."

"अप्पा, पण गार्डकाकांची साक्ष..."

"काढा म्हटलं ना."

जावईबापू घाव बसल्यासारखे उठले. अख्ख्या मजकुरात एकच वाक्य दिमाखदार, आणि तेच नको! ज्या माणसाची स्तुती करायची, त्यालाच ती आपल्या हातून नको. जिन्यात उभं राहून त्यांनी आयुष्यातला पहिला बंडखोर निर्णय घेतला: वाक्य काढायचं नाही. तसंही पेंटरने ते दुपारीच रंगवलं होतं.

समारंभाचा दिवस उजाडला. फलकावर कापड टाकलेलं, फीत बांधलेली, इंजिन रंगवून असं चकचकीत केलेलं की माळ्याला ओळखू येईना. निघताना बायको म्हणाली, "अप्पा, कोट एवढा का लोंबतोय? खिशात काय भरलंय?" अप्पा म्हणाले, "रुमाल." तिने खिशाला हात लावला तर खिसा विटेसारखा जड. पण खालून हाका येत होत्या, म्हणून तिने विचारायचं सोडलं.

मोठे साहेब आले. फीत कापली, कापड ओढलं, फलक वाचला, "वा," म्हणाले. मग सगळे उघड्या डब्यात बसले: पुढे मोठे साहेब, शेजारी उद्यानाधिकारी, मागे अप्पा, मुख्याध्यापिकाबाई, बायको, गल्लीतली मानकरी मंडळी, आणि शेवटी ब्रेकच्या चाकापाशी जुनी टोपी घालून गार्डकाका. जावईबापूंच्या हातात कर्णा होता. फेरीभर त्यांनी इतिहास वाचायचा होता.

शिट्टी झाली, तेव्हा रस्त्याच्या कडेने उभी असलेली म्हातारी माणसं सवयीने घड्याळं बघू लागली. गाडी हलली. लोक हात हलवत होते, मुलं धावत होती, जावईबापूंचा आवाज चढत होता. सिग्नलचा खांब गेला. धोब्यांच्या वाळत घातलेल्या चादरी गेल्या. चढ सुरू झाला. माळ्याने कडेच्या फुलझाडांना सकाळीच भरपूर पाणी घातलं होतं आणि त्यातलं निम्मं रुळांवर होतं.

"आणि सांगण्यास अभिमान वाटतो," जावईबापू कर्ण्यातून गरजले, "की हे इंजिन टाकीच्या चढावर एकदाही..."

हुं.

जावईबापू थांबले. मग पुन्हा, "एकदाही..."

हुं, हुं, हुंक्. चाकं जागच्या जागी गरगर फिरली. मग एक मोठ्ठा उसासा, सगळीकडे वाफ, आणि गाडी ठप्प.

मोठ्या साहेबांच्या चष्म्यावर वाफ साचली होती आणि ते तसेच समोर बघत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी लाल पेन घट्ट धरलं. जावईबापूंचा जबडा उघडा तो उघडाच. कर्णा अजून तोंडापाशी होता, त्यामुळे त्यांच्या धापा साऱ्या डोंगराला ऐकू जात होत्या. आजवर बसलेले सगळे धक्के एकत्र केले असते, तरी ते याच्यापुढे दारावरची बेल ठरले असते. आणि मग गाडी हळूच, अगदी हळूच, मागे सरकू लागली.

गार्डकाकांनी सवयीने ब्रेकचं चाक गरागरा फिरवलं. गाडी थांबली. पण गार्डकाकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा हुंदका... हा हुंदका मी ओळखतो!"

तेवढ्यात अप्पा डब्यातून उतरले होते. काठी डब्यात टाकून ते तरातरा पुढे गेले, तरुण ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, "हळू सोड. वाफ पावच उघड, जास्त नको. मी हात केला की." मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठभर वाळू काढली. मुलांच्या हौदातली, पिवळी, बारीक वाळू. ती उजव्या रुळावर एका रेषेत अशी सोडली की जणू वर्षं मध्ये गेलीच नाहीत. मग ते वळले.

"अरे, बघतोस काय उभा? उतर खाली! डाव्या रुळाला कोण, तुझा काका येणार? हा खिसा घे."

कर्णा बायकोच्या मांडीवर टाकून जावईबापू उतरले. आपल्याला 'तू' म्हटलं गेलं हे त्यांच्या कानांना कळलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. त्यांनी अप्पांच्या डाव्या खिशात हात घातला. रूळ तेलकट आणि काळा होता. आधी चिमटीने, मग मुठीने, ते वाकून वाळू पसरू लागले. मागून इंजिन हुंदके देत, पण आता पुढे सरकत येत होतं. वाफेच्या आवाजात दोघांचं बोलणं तिसऱ्या कुणाला ऐकू जाण्याची सोय नव्हती.

"अप्पा," जावईबापू वाकल्या वाकल्या म्हणाले, "ही... ही सात नंबर आहे?"

"ओरडू नकोस. वाळू जाड टाकतोयस. पातळ टाक."

"मग चार नंबर?"

"भट्टीत."

पायाखालची वाळू सरकते म्हणतात. इथे तर ती जावईबापू स्वतःच्या हाताने टाकत होते, तरी ती सरकली. सात पानी इतिहास, मुख्याध्यापिकाबाईंचं मार्गक्रमण, गार्डकाकांची साक्ष, ते ठळक वाक्य, सगळं एका अशा इंजिनाबद्दल होतं, जे वितळून कधीच कुणाच्या तरी बादल्या आणि बिजागऱ्या झालं होतं.

"पाट्या कुणी बदलल्या?" त्यांनी विचारलं, जरी उत्तर त्यांच्या शेजारी धापा टाकत चालत होतं.

"चार स्क्रू तर होते. फिटर जेवायला गेले होते."

"पण अप्पा, का? राणी सोडून ही? ही?"

मागे इंजिनाने हुंदका दिला. अप्पांनी न बघताच हात मागे करून तिला थोपवल्यासारखं केलं.

"राणीला कुणीही चालवायचा. मी रजेवर असलो तरी तिचं अडत नसे. हिला एकदा दुसऱ्या ड्रायव्हरने नेलं, तर दिवसभर चढावर उभी. मी गेलो, तेव्हा हलली. आता अशी ही भट्टीत घालायला मी कशी देऊ? चाल तू. उजवीकडे बघू नकोस, तुझा रूळ बघ."

जावईबापूंनी आपला रूळ बघितला. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, ते कोळशाचं असावं असं त्यांनी ठरवलं.

टाकी आली. चढ संपला. रडूबाईने एक लांबलचक शिट्टी दिली आणि अख्खा डबा उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मोठे साहेब खाली उतरले, त्यांनी अप्पांचा वाळूचा हात हातात घेतला. "काय सुंदर प्रात्यक्षिक! जुन्या काळी अशी वाळू टाकत नेत, नाही का? मुद्दाम थांबवलीत ना गाडी?" उद्यानाधिकाऱ्यांनी जावईबापूंकडे बघितलं, जावईबापूंनी आकाशाकडे बघितलं. "मुद्दामच," उद्यानाधिकारी म्हणाले.

पण गार्डकाका होतेच. परत आल्यावर सगळे चहाकडे वळले, तेव्हा ते फलकासमोर टोपी काखेत धरून उभे होते. जावईबापू जवळ गेले, पाठोपाठ अप्पाही. जावईबापूंना वाटलं, हा नियमांचा माणूस आता तक्रार करणार, सरकारी मालाची अफरातफर, म्हातारपणी चौकशी, आणि या सगळ्याला कारण आपली जीभ. सपाटीवर हातगाडीही चालते!

"ही साक्ष माझी होती," गार्डकाका फलकावरच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले. "खोटी ठरली. आयुष्यात पहिल्यांदा."

अप्पा खिशातली उरलेली वाळू झटकू लागले.

"लाईन बंद झाली त्या दिवशी," गार्डकाका म्हणाले, "मी भंगाराच्या गाडीबरोबर फाटकापर्यंत चालत गेलो होतो. तिला निरोप द्यायला. रडूबाईला. तुला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. शिव्या खूप दिल्या होत्या ना, म्हणून." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "एवढी वर्षं समोर राहतोस. मला सांगितलं असतंस तर काय मी खाल्लं असतं तुला? गाढवा!" आणि ते रागारागाने चहाकडे गेले. त्यानंतर सात नंबर हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. मात्र रोज सकाळी फिरायला जाताना ते इंजिनासमोर थांबून घड्याळ लावतात, असं माळी सांगतो.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी उद्यानाधिकाऱ्यांना सांगितलं की इतिहासात काही शंका निघाल्या आहेत, फेरतपासणी लागेल. फेरतपासणी हा शब्द ऐकताच अधिकाऱ्यांनी हात जोडले. पेंटरने सगळं खरवडून काढलं आणि ज्याला गल्लीतल्या कुणाची हरकत नव्हती, असा एकमेव मजकूर पुन्हा रंगवला: "इंजिन. वर चढू नये." दप्तरात मात्र ती अजूनही कारंजंच आहे.

पण हे दुसऱ्या दिवशीचं झालं. त्या दिवशी समारंभ आटोपून ते दोघं घरी आले, तेव्हा जावईबापू नेहमीच्या सवयीने जिन्याकडे वळले. "वर कुठे चाललास? बस इथेच, चहा होतोय," अप्पा म्हणाले. जावईबापू खालच्या मजल्यावरच्या खुर्चीत अवघडून बसले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते, नखांत तेल होतं, सदऱ्यावर पाचही बोटं उठली होती. बायको कप घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, हे काय! आधी हात धुऊन या बघू."

अप्पांनी हात पुढे करून तिच्याकडून कप घेतला आणि जावयाच्या पुढ्यात ठेवला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "दिसू देत जरा."